इटरेटरच्या सुरुवातीला मूल्य जोडताना: पायथॉनमधील क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

इटरेटर म्हणजे मागितल्यावर एकेक घटक देणारी वस्तू. इटरेटरला मागे जाता येत नाही आणि त्याच्या तोंडाशी काही घालताही येत नाही. ‘सुरुवातीला मूल्य जोडणे’ म्हणजे प्रत्यक्षात नवा इटरेटर तयार करणे. तो आधी आपले मूल्य देतो आणि मग जुन्याकडून एकेक घटक घेऊन पुढे करतो. जुना कुठे जात नाही, तो नव्याच्या पोटात बसतो आणि तिथूनच रिकामा होत राहतो. खाली ज्या चुका सांगितल्या आहेत, त्यांतल्या बहुतेक या एका गोष्टीचा विसर पडल्यामुळे होतात.

उदाहरणे पायथॉन ३ ची आहेत. पायथॉनचे शब्द इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टाइप करताना मूळ इंग्रजी स्पेलिंग आणि इंग्रजी अंक वापरा. ‘उगम’, ‘पहिली’ अशी व्हेरिएबलची नावे देवनागरीत ठेवली तरी पायथॉन ३ ती स्वीकारतो.

सगळीकडे एकच उदाहरण घेऊ: पावसाच्या नोंदींची मोठी सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली) फाइल. प्रत्येक ओळीत दिनांक, तालुका आणि मिलिमीटर आहेत, पण वर शीर्षकाची ओळ नाही. ती ओळ, फाइल पूर्ण मेमरीत न घेता, सुरुवातीला लावायची आहे.

## पायरी १: जोडायची खरोखर गरज आहे का, ते ठरवा

बऱ्याच वेळा नसते. पुढचे फंक्शन सुरुवातीचे मूल्य वेगळे घेत असेल, तर ते तिथेच द्या.

- सीएसव्ही मॉड्यूलच्या डिक्टरीडरला फील्डनेम्स हा आर्ग्युमेंट आहे. शीर्षके त्यात द्या. फाइलची पहिली ओळ मग नोंद म्हणूनच वाचली जाते.
- चढती बेरीज शून्याऐवजी दुसऱ्या आकड्यापासून हवी असेल, तर अक्युम्युलेटला पायथॉन ३.८ पासून इनिशियल आहे. रिड्यूसला तिसरा आर्ग्युमेंट आहे, समला स्टार्ट आहे.
- पांडाज या लायब्ररीच्या रीड-सीएसव्हीला फाइलसारखी वस्तू लागते, म्हणजे जिच्यावर रीड ही मेथड आहे अशी. चेन केलेला (पायरी ३ प्रमाणे जोडलेला) इटरेटर तिथे चालत नाही. हेडर=नन आणि नेम्स=[…] द्या.
- नुसती नवी फाइल लिहायची असेल, तर आधी शीर्षक राइटने लिहा आणि मग उरलेले राइटलाइन्सला द्या. जोडण्याचा प्रश्नच येत नाही.

गरज खरी असते ती दोन प्रसंगी. पुढचे फंक्शन एकच इटरेबल (ज्यावर फॉर लूप फिरवता येतो ते) घेते आणि त्यात बदल करणे आपल्या हातात नसते. किंवा पहिला घटक पाहून निर्णय घ्यायचा असतो आणि मग तो पुन्हा जागेवर ठेवायचा असतो. दुसरा प्रसंग जास्त वेळा येतो आणि जास्त वेळा बिघडतो.

## पायरी २: हातात इटरेटर आहे की नुसते इटरेबल, ते ओळखा

तपासणी एका ओळीची आहे:

    इटर(ओळी) इज ओळी

उत्तर ट्रू आले तर तो इटरेटर: उघडी फाइल, जनरेटर (यील्डने एकेक मूल्य देणाऱ्या फंक्शनमधून मिळणारा), मॅप, झिप, सीएसव्ही रीडर. फॉल्स आले तर इटरेबल: लिस्ट, टपल, रेंज, डिक्शनरी. इटरेबलवर दर वेळी इटर बोलावले की नवी सुरुवात मिळते. इटरेटरवर बोलावले की तोच परत मिळतो, अर्धा वापरलेला असला तरी.

हा फरक लक्षात न घेता लिहिलेला कोड असा दिसतो (नेक्स्ट पुढचा घटक घेते, चेन इटरेबल एकापाठोपाठ जोडते):

    पहिली = नेक्स्ट(इटर(ओळी))
    नवा = चेन([पहिली], ओळी)

फाइल दिली तर हा कोड बरोबर चालतो. लिस्ट दिली तर पहिली ओळ दोनदा येते, कारण चेन त्या लिस्टवर स्वतःचा इटर नव्याने काढते. चाचण्या लिस्टवर आणि प्रत्यक्ष काम फाइलवर असेल, तर लोक चाचणीतली दुप्पट ओळ ‘दुरुस्त’ करण्यासाठी चेनच काढून टाकतात आणि फाइलमधली पहिली नोंद गमावतात. योग्य दुरुस्ती वेगळी आहे. फंक्शनच्या पहिल्याच ओळीत

    उगम = इटर(ओळी)

असे लिहा आणि त्यानंतर ‘ओळी’ हे नाव त्या फंक्शनमध्ये पुन्हा वापरू नका.

## पायरी ३: मूल्य चौकटी कंसात घाला आणि मग चेन करा

इटरटूल्समधून चेन इम्पोर्ट करा.

    नवा = चेन([शीर्षक], उगम)

चेनला प्रत्येक आर्ग्युमेंट इटरेबल लागतो, म्हणून एकट्या मूल्याला एका घटकाच्या लिस्टमध्ये घालावे लागते. हा कंस विसरणे ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे, आणि तिचे परिणाम मूल्याच्या प्रकारानुसार बदलतात.

मूल्य पूर्णांक किंवा नन असेल तर टाइपएरर येतो. पण तो चेन तयार करताना येत नाही, पहिला घटक मागताना येतो. चेन आपले आर्ग्युमेंट वेळ आल्याशिवाय उघडत नाही. त्यामुळे ट्रेसबॅक (एरर कुठे आला ते दाखवणारा मजकूर) भलत्याच फंक्शनकडे बोट दाखवतो, आणि चुकीची ओळ तिथे नसतेच.

मूल्य स्ट्रिंग, टपल किंवा डिक्शनरी असेल तर एररच येत नाही, आणि हे जास्त वाईट. टपलचे भाग सुटे होतात, डिक्शनरीच्या फक्त कीज येतात, स्ट्रिंगची अक्षरे सुटी होतात. मराठी शब्दात तर काना, वेलांटी, अनुस्वारही वेगळे पडतात: ‘दिनांक’ या एका शब्दाचे सहा घटक होतात. आउटपुटच्या सुरुवातीला एकटी वेलांटी किंवा काना दिसला, की कंस विसरलाय हे नक्की.

कोणत्या पातळीवर जोडताय? फाइलच्या कच्च्या ओळींपुढे जोडायचे तर मूल्य एक स्ट्रिंग असते: चेन(['दिनांक,तालुका,मिमी'], फाइल). सीएसव्ही रीडरमधून बाहेर पडलेल्या रांगांपुढे जोडायचे तर मूल्य स्वतःच लिस्ट असते, म्हणून कंस दोनदा येतो: चेन([['दिनांक', 'तालुका', 'मिमी']], रीडर). दुसरा कंस राहिला तर तीन शीर्षके तीन वेगळ्या रांगा म्हणून येतात.

ओळीचा शेवट. फाइलमधून आलेल्या ओळीला शेवटी नवीन ओळीचे चिन्ह, म्हणजे बॅकस्लॅश-एन, असते. तुम्ही जोडलेल्या शीर्षकाला ते आपोआप लागत नाही. सीएसव्ही रीडरला याने फरक पडत नाही. राइटलाइन्सला मात्र पडतो: ते स्वतः काही जोडत नाही, त्यामुळे शीर्षक आणि पहिली नोंद एकाच ओळीत चिकटतात.

बीओएम. एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून सेव्ह केलेल्या फाइलच्या आरंभी एक अदृश्य खूण असते. देवनागरी मजकूर असल्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच फाइली याच पर्यायाने सेव्ह होतात. साध्या यूटीएफ-८ ने फाइल उघडून वर शीर्षक जोडले, तर ती खूण पहिल्या नोंदीतल्या तारखेला चिकटून राहते आणि तारखेची तुलना चुकते. फाइल ‘यूटीएफ-८-एसआयजी’ एन्कोडिंगने उघडा. खूण असेल तर निघून जाते, नसेल तर काही बिघडत नाही.

> सावधान: [शीर्षक, *उगम] हे दिसायला चेनसारखेच आहे, पण ते सगळा उगम तिथल्या तिथे संपवून लिस्ट बनवते. मोठ्या फाइलला मेमरी पुरत नाही, आणि इटरटूल्सच्या काउंटसारख्या न संपणाऱ्या इटरेटरवर तर प्रोग्रॅम परतच येत नाही.

तपासा: चेन(['क'], ['ख', 'ग']) ची लिस्ट करा. तीन घटक, क्रम क-ख-ग. ही तपासणी छोट्या लिस्टवरच करा. खऱ्या इटरेटरला लिस्ट करून बघितले तर बघण्यातच तो संपतो. त्यानंतर ‘जोडले पण काहीच येत नाही’ अशी तक्रार उरते.

चेनऐवजी स्वतःचा जनरेटरही लिहिता येतो: आधी यील्ड मूल्य, मग यील्ड फ्रॉम उगम. साध्या जोडणीसाठी चेनच घ्यावी. जनरेटरचा फायदा तेव्हा, जेव्हा आतला उगमही जनरेटर आहे आणि काम अर्धवट सोडल्यावर तो नीट बंद व्हायला हवा. यील्ड फ्रॉममधून क्लोज आतपर्यंत पोहोचतो. चेनला क्लोज ही मेथडच नाही. जनरेटरचा एक तोटाही आहे: त्याच्या फंक्शनमधली पहिली ओळसुद्धा पहिल्या नेक्स्टपर्यंत चालत नाही, म्हणून आर्ग्युमेंट तपासायचे असतील तर ते बाहेरच्या साध्या फंक्शनमध्ये तपासा.

## पायरी ४: पहिला घटक पाहून परत ठेवणे

समजा, काही फाइलींना शीर्षक आहे आणि काहींना नाही. पहिली ओळ पाहूनच ठरवावे लागणार. क्रम असा ठेवा आणि बदलू नका:

    उगम = इटर(ओळी)
    रिकामे = ऑब्जेक्ट()
    पहिली = नेक्स्ट(उगम, रिकामे)
    इफ पहिली इज रिकामे: इथे रिकाम्या फाइलचे काय ते ठरवा
    उगम = चेन([पहिली], उगम)

तिसऱ्या ओळीतला दुसरा आर्ग्युमेंट टाळू नका. तो नसेल तर रिकाम्या फाइलवर स्टॉपइटरेशन (घटक संपल्याचा एरर) उठते. हे सगळे एखाद्या जनरेटरच्या आत असेल, तर पायथॉन ३.७ पासून त्याचे रनटाइमएररमध्ये रूपांतर होते. ३.६ पर्यंत तेच जनरेटर गुपचूप संपायचा, म्हणून जुना कोड नव्या आवृत्तीवर आणताना अशा जागा मुद्दाम शोधाव्या लागतात.

‘रिकामे’साठी नन का नको? कारण उगमातून नन हे खरे मूल्य म्हणूनही येऊ शकते. ऑब्जेक्ट() ने बनवलेली वस्तू दुसऱ्या कुठूनही येऊ शकत नाही, आणि तिची तुलना ‘इज’नेच करायची.

शेवटच्या ओळीत तेच नाव मुद्दाम पुन्हा वापरले आहे. नव्या इटरेटरला वेगळे नाव दिले की जुने नाव जवळ राहते, आणि कोणीतरी पुढे ते वापरते. मग पहिली ओळ गायब होते. दोन्ही नावे वापरली गेली तर त्याहून वाईट: दोघेही एकाच उगमातून घेतात, त्यामुळे काही नोंदी एकीकडे आणि काही दुसरीकडे जातात, आणि एररचा पत्ता नसतो.

फंक्शनच्या बाहेरही हेच लागू आहे. डोकावणाऱ्या फंक्शनने पहिला घटक आणि नवा इटरेटर, दोन्ही परत द्यायला हवेत, आणि बोलावणाऱ्याने आपला जुना टाकून नवा घ्यायला हवा. फक्त ‘शीर्षक आहे की नाही’ एवढेच ट्रू-फॉल्स परत देणारे फंक्शन इटरेटरसाठी लिहूच नये. ते प्रत्येक वेळी एक ओळ खाते.

अनेक घटक पाहायचे असतील तर इटरटूल्समधल्या आयस्लाइसने हवे तेवढे पुढचे घटक घ्या:

    डोके = लिस्ट(आयस्लाइस(उगम, ५))
    उगम = चेन(डोके, उगम)

इथे डोके आधीच लिस्ट आहे, म्हणून कंस नको. लावलात तर पहिला घटक पाच ओळींची लिस्ट होईल. फाइलमध्ये पाचपेक्षा कमी ओळी असतील तर लिस्ट लहान येते, एरर येत नाही. डोके[४] असे थेट मागू नका.

टेकव्हाइलचा सापळा. फाइलच्या वर # ने सुरू होणाऱ्या टिपा असतील, तर त्या टेकव्हाइलने (अट खरी असेपर्यंत घटक देणाऱ्या फंक्शनने) गोळा करण्याचा मोह होतो. टेकव्हाइलला थांबायचे कधी हे कळण्यासाठी पहिली टीप नसलेली ओळ घ्यावी लागते, आणि ती ओळ तो परत देत नाही. म्हणजे पहिली नोंद गेली. टिपा नकोच असतील तर ड्रॉपव्हाइल (अट खरी असेपर्यंतचे घटक सोडून उरलेले देणारे) वापरा, त्यात काही हरवत नाही. टिपा हव्या असतील तर साधा फॉर लूप लिहा: ओळ टीप असेल तर साठवा, नसेल तर उगम = चेन([ओळ], उगम) करून लगेच ब्रेक करा.

> सावधान: तो ब्रेक आवश्यक आहे. फॉर लूप सुरुवातीलाच एकदा इटर घेऊन ठेवतो. लूपच्या आत ‘उगम’ला नवे मूल्य दिले तरी चालू लूप जुन्याच इटरेटरवर फिरत राहतो, आणि परत ठेवलेली ओळ त्याला कधीच दिसत नाही.

डोकावण्यासाठी इटरटूल्समधला टी (एका इटरेटरच्या दोन प्रती करून देणारा) वापरायचा सल्लाही सापडतो. तो या कामाला जड आहे. टीच्या दोन प्रतींपैकी एक पुढे गेली की मधले सगळे घटक मेमरीत साठून राहतात, आणि मूळ इटरेटर त्यानंतर कोणी वापरला तर दोन्ही प्रतींना ते घटक मिळत नाहीत.

## पायरी ५: पुन्हा पुन्हा परत ठेवायचे असेल तर चेन सोडा

पार्सर (मजकुराची फोड करणारा प्रोग्रॅम) लिहिताना घटक वाचायचा, आपला नसेल तर परत ठेवायचा, असे हजारो वेळा घडते. दर वेळी उगम = चेन([घटक], उगम) केले की एक थर वाढतो. परत ठेवलेले मूल्य वाचून झाले तरी तो थर निघत नाही. रिकामी चेन तिथेच राहते आणि पुढचा प्रत्येक घटक तिच्यातून जातो. हजार वेळा परत ठेवले, तर त्यानंतरची प्रत्येक ओळ हजार थर ओलांडून येते. वेग हळूहळू खालावतो. थर फारच खोल झाले, तर सी पातळीवरचा स्टॅक संपून इंटरप्रिटर कोसळू शकतो, आणि तेव्हा ट्राय-एक्सेप्टचा उपयोग होत नाही.

इथे छोटा क्लास लिहा. त्यात दोन गोष्टी ठेवा: मूळ उगम आणि एक डेक, म्हणजे कलेक्शन्स मॉड्यूलमधली दोन्ही टोकांनी उघडी रांग.

1. इटर मेथडने स्वतःलाच परत द्यावे.
2. नेक्स्ट मेथडने आधी डेक पाहावा. त्यात काही असेल तर पॉपलेफ्ट, नसेल तर नेक्स्ट(उगम).
3. ‘परत ठेवा’ मेथडने डेकच्या डाव्या टोकाला मूल्ये घालावीत.

तिसऱ्यात क्रम चुकतो. एक्स्टेंडलेफ्टला [१, २, ३] दिले तर बाहेर येताना ३, २, १ येते, कारण तो एकेक मूल्य डावीकडे ढकलतो. म्हणून एक्स्टेंडलेफ्ट(रिव्हर्स्ड(मूल्ये)) असे लिहा.

हे लिहायचे नसेल तर मोअर-इटरटूल्स या पॅकेजमध्ये पीकेबल आहे. त्याची पीक मेथड न हलवता पुढचा घटक दाखवते आणि प्रीपेंड मेथड परत ठेवते. एकाच वेळी अनेक मूल्ये दिली तर ती दिलेल्या क्रमाने येतात. वेगवेगळ्या वेळी दिली तर शेवटी दिलेले आधी येते.

## पायरी ६: फाइल उघडी असतानाच सगळे वाचा

विथ ब्लॉकच्या आत चेन बनवून ती रिटर्न केली, तर ब्लॉक संपताच फाइल बंद होते. गंमत वाटावी अशी लक्षणे दिसतात: पहिला घटक व्यवस्थित येतो, कारण तो लिस्टमध्ये होता, आणि दुसऱ्याला ‘बंद फाइलवर काम’ असा व्हॅल्यूएरर येतो. फक्त पहिली ओळ तपासणारी चाचणी इथे खुशाल पास होते. विथ हा बोलावणाऱ्याकडे ठेवा आणि फंक्शनला उघडी फाइल द्या; किंवा फंक्शनच जनरेटर करा आणि यील्ड फ्रॉम विथच्या आत ठेवा.

## पायरी ७: ओळ क्रमांक जुळवा

जोडलेल्या शीर्षकामुळे मोजणी एकाने सरकते. इन्यूमरेट(नवा) ने शीर्षकाला ० आणि फाइलच्या पहिल्या ओळीला १ मिळते, म्हणजे फाइलशी जुळते. स्टार्ट=१ दिले तर सगळे एकाने पुढे. सीएसव्ही रीडरचा लाइन-नम त्याला मिळालेल्या ओळी मोजतो, त्यात तुमची जोडलेली ओळही आली. एरर संदेशात तो आकडा छापण्याआधी एक वजा करा. चुकीचा क्रमांक पाहून कोणी फाइलमधली शेजारची, चांगली नोंद ‘सुधारली’ तर नुकसान विदेचे (डेटाचे) होते.

## पायरी ८: एसिन्क आणि इतर भाषा

एसिन्क (घटकाची वाट पाहताना इतर काम चालू देणाऱ्या) जनरेटरवर चेन चालत नाही, टाइपएरर येतो. तिथे एसिन्क फंक्शन लिहा: आधी यील्ड मूल्य, मग एसिन्क फॉरने एकेक घटक यील्ड. यील्ड फ्रॉम एसिन्क फंक्शनमध्ये चालत नाही, तो सिंटॅक्सएरर आहे.

जावास्क्रिप्टमध्ये जनरेटर फंक्शनमध्ये यील्ड आणि मग यील्ड-तारा. रस्टमध्ये वन्स(मूल्य).चेन(इटरेटर), तिथे जुना इटरेटर चेनच्या मालकीचा होतो आणि तो पुन्हा वापरला तर कंपायलरच अडवतो. पायरी ४ मधली नावांची चूक तिथे सहसा होऊ शकत नाही. सी-शार्पच्या लिंक (LINQ) या लायब्ररीत प्रीपेंड आहे.

## पायरी ९: या सहा इनपुटवर चालवून पाहा

1. रिकामा उगम: फक्त जोडलेले मूल्य यावे.
2. एकच घटक.
3. तीच मूल्ये एकदा लिस्टमधून आणि एकदा जनरेटरमधून. दोन्ही उत्तरे तंतोतंत सारखी हवीत. नसतील तर पायरी २ ला परत जा.
4. पहिला घटक नन असलेला उगम.
5. काउंट() पुढे मूल्य जोडून आयस्लाइसने पाच घटक. प्रोग्रॅम अडकला तर कुठेतरी लिस्ट होते आहे.
6. तिसरा घटक मागताच मुद्दाम एरर देणारा जनरेटर. नव्या इटरेटरमधून तीन घटक मागा: जोडलेले एक आणि उगमातले दोन. एरर येता कामा नये. चौथा मागितल्यावरच यावा.